सव्वादोनच्या बांगड्या

माझ्या आईच्या हृदयात एक जाळी आहे आणि बापाच्या हृदयात एक. दोन्ही एकाच इस्पितळात, एकाच टेबलावर, मनगटातून नळी घालून बसवलेल्या. आल्यागेल्या पाहुण्याला नाना हे मोठ्या कौतुकाने सांगतात. "आम्हा दोघांना सारखंच," असं म्हणून छातीवर हात ठेवतात. सारखंच कसलं आलंय डोंबलाचं! मी तिथेच ओट्यापाशी चहा गाळत असते आणि दर वेळी ओठ घट्ट मिटून घेते. कारण मी तोंड उघडलं तर माय माझ्याकडे बघते, आणि तिचं ते बघणं मला सहन होत नाही. म्हणून लिहिते आहे.

आम्ही खानदेशातले, पण माझा जन्म सुरतेचा. नाना तरुणपणी इथे आले आणि बमरोलीच्या एका मिलमध्ये लागले. माय घरी बसून साड्यांना खडे चिकटवायची. दोघांनी मिळून मला शिकवलं, मी मराठी शाळेत बाई झाले, लग्न होऊन दोन गल्ल्या पलीकडे राहायला गेले. हे सगळं नाकारण्यासारखं नाही आणि मी नाकारतही नाही. माझा राग चाळीस मिनिटांचा आहे.

आधी बांगड्यांचं सांगते. मायचे हात लहान आणि मऊ. श्रावणात कानबाई, आमची खानदेशातली देवी, घरोघरी बसायच्या आदल्या दिवशी आमच्या गल्लीत कासार येतो, आणि भाऊबंदातल्या सगळ्या बायका ओळीने हात पुढे करून बसतात. दोन्ही हातांत डझन डझन हिरव्या बांगड्या. त्यात आमच्या बायकांची एक खोड आहे. जितकं माप लहान तितका मान. सैल बांगडी घातली की म्हणतात, हिच्या हाताला वळण नाही. माय सव्वादोनची बांगडी भरायची. गल्लीत तेवढं लहान माप तिचंच. कासार हाताला साबण लावून, अंगठा मुडपून, हाडं दाबून दाबून एकेक चढवायचा, आणि माय डोळ्यांत पाणी आलं तरी हसत राहायची. एकदा चढली की ती बांगडी वर्षभर उतरत नाही. उतरवायची नसतेच. काम करताना एखादी फुटली तर फुटली म्हणायचं नाही, वाढली म्हणायचं. नवरा जिवंत असताना बाईच्या हातातल्या बांगड्या मुद्दाम फोडणं म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. फोडण्याचा दिवस एकच असतो.

मी बांगड्या भरत नाही. एका हातात घड्याळ, दुसरा मोकळा. मायने त्यावरून मला आयुष्यभर ऐकवलं.

त्या वर्षी शनिवारी बांगड्या भरल्या. रविवारी कानबाई बसली. पुरण शिजवणं, वाटणं, रोटाच्या पोळ्या, खीर, गंगाफळाची भाजी, सगळं मायने केलं, कारण आमच्या घरात ते मायच करते. दुपारी पोळ्या लाटता लाटता ती थांबली आणि म्हणाली की छातीत जड वाटतंय, डावा हात दुखतोय. नाना म्हणाले गॅस झाला असेल, हरभऱ्याची डाळ आहे. त्यांनी कोपऱ्यावरून जिरासोडा आणला. आणि मी? मी पर्समधून ॲसिडिटीची गोळी काढून दिली. शिकलेली मुलगी ना मी! पोरांना हृदयाची आकृती फळ्यावर काढून दाखवणारी. माय गोळी गिळून पुन्हा लाटायला बसली. संध्याकाळच्या गाण्यांना ती भिंतीला टेकून बसली होती, घाम पुसत होती, आणि आम्ही सगळे म्हणत होतो की दमली आहे.

सोमवारी सकाळी विसर्जनाची मिरवणूक निघाली. नाना पुढे नाचणाऱ्यांत होते, कपाळभर गुलाल. माय कोपऱ्यापर्यंत आली आणि एका बंद दुकानाच्या पायरीवर बसली. बसली म्हणजे खाली सरकलीच. चेहरा पांढराफटक. मी रिक्षा थांबवली आणि तिला जवळच्या लहान दवाखान्यात नेलं. त्यांनी छातीला वायरी लावल्या, कागद निघाला, आणि तो कागद बघून तिथल्या डॉक्टरचा आवाज बदलला. हार्ट अटॅक. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन त्यांनी तिथेच दिलं, पण दोन तास होत आले तरी दुखणं थांबेना. मग ॲम्ब्युलन्सने मोठ्या इस्पितळात. नानांना फोन लागत नव्हता, ढोल वाजत होते. ते आले तेव्हा आम्ही कॅथलॅबच्या दारापाशी पोचलो होतो आणि त्यांच्या कपाळावरचा गुलाल तसाच होता.

डॉक्टर तरुण होते, सरळ बोलणारे. त्यांनी मला उभ्याउभ्याच सांगितलं. इंजेक्शन लागू पडलेलं नाही, हृदयाची रक्तवाहिनी अजून बंद आहे. मनगटातल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, बंद जागा फुग्याने उघडायची आणि तिथे जाळी बसवायची. जांघेतूनही जाता येतं, पण त्या इंजेक्शनने रक्त इतकं पातळ झालंय की जांघेतून गेलो तर रक्तस्राव आवरायला जड जाईल. म्हणून मनगट. आणि लवकर, कारण जितकी मिनिटं जातील तितका हृदयाचा स्नायू मरतो, आणि मेलेला स्नायू परत येत नाही. मी सही केली. नानांनीही केली.

आत गेल्यावर सिस्टर म्हणाली, "बेन, बंगडी काढवी पडशे." काढायच्या म्हणजे कशा? हात सुजलेले. साबण लावला, तेल लावलं, प्लॅस्टिकची पिशवी हातावर चढवून ओढून पाहिलं. वर कोपराकडेही सरकेनात. डाव्या हाताचंही तेच. सिस्टरने एका बांगडीला जरा जोर लावला, ती कडकन तुटली, आणि त्या क्षणापर्यंत गपगार पडलेली माय एकदम उठायला गेली. दोन्ही मुठी छातीशी आवळून घेतल्या.

"फोडू नको," ती मला म्हणाली. "त्यास्ले काही व्हयनं म्हंजे?"

त्यांना काही झालं तर. छातीत गुठळी हिच्या, जीव चाललाय हिचा, आणि काळजी त्यांची. मी तिला समजावलं, रागावले, हात जोडले. सिस्टर म्हणाली की आम्ही रोज फोडतो हो, कुणाच्या नवऱ्याला काही होत नाही. माय मान हलवत राहिली. डॉक्टर म्हणाले की पेशंट शुद्धीवर आहे, नाही म्हणते आहे, तिच्यावर मी जबरदस्ती करू शकत नाही. जांघेतून जायची तयारी मी करून ठेवतो, पण ती धोक्याची आहे, तेव्हा तुम्ही घरच्यांनी आधी तिला तयार करा. मी घड्याळात बघितलं. दोनला पाच कमी होते.

उपाय एकच होता आणि तो दाराबाहेर बाकावर बसला होता. मायने उभ्या जन्मात नानांचा शब्द मोडला नव्हता. त्यांनी आत यायचं आणि एवढंच म्हणायचं, काढ गं, मला काही होत नाही. चार शब्द. मी बाहेर धावले आणि त्यांना तसं सांगितलं. वाटलं होतं, वाक्य पुरं व्हायच्या आत ते उठतील.

ते उठले नाहीत. रुमाल काढून कपाळावरचा गुलाल पुसायला लागले. मग म्हणाले की फुई निघाली आहे भेस्तानहून, तिला येऊ दे, तिला विचारू. फुई म्हणजे त्यांची थोरली बहीण. मी म्हटलं, नाना, फुईला काय विचारायचं, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलं ना तुम्ही? ते म्हणाले, ऐकलं. आणि बसून राहिले. त्यांच्या उजव्या मनगटात गडावरच्या देवीचे लाल दोरे होते, पाच-सहा वर्षांचे, काळे पडलेले. ते दोरे आपोआप झिजून गळायला हवेत, कापले तर देवी कोपते, असं ते मानत. मिलमध्ये मशीनजवळ दोरा चालणार नाही म्हणाले तेव्हा त्यांनी खातं बदलून घेतलं, दोरा काढला नाही. ते दोरे त्या वेळी ते बोटाने फिरवत होते.

मी पुन्हा आत गेले, मायची मनधरणी केली, पुन्हा बाहेर आले. असं तीनदा. दुसऱ्या वेळेला आले तर फुईचा फोन चालू होता, रिक्षा रेल्वे फाटकात अडकली आहे म्हणे. तिसऱ्या वेळेला माझा तोल गेला. मी बापाच्या समोर खाली बसले, त्यांचे गुडघे धरले आणि विचारलं की नाना, खरं सांगा, अडलंय कशात तुमचं?

त्यांनी इकडेतिकडे पाहिलं. मग हळूच म्हणाले, "आणि माझ्यावर आलं तर?"

मला आधी समजलंच नाही. मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मला वाटत होतं की हा माणूस गोंधळला आहे, घाबरला आहे बायकोसाठी, पुरुष असे गप्प होतात. नाही. हा माणूस स्वतःसाठी घाबरला होता. परवाच्या शनिवारी भरलेल्या बांगड्या, कानबाईच्या, त्या जर फुटल्या तर आपलं काही बरंवाईट होईल, हे त्याला मनापासून वाटत होतं. आत बायको मरते आहे हे त्याला दिसत होतं आणि त्याने मनात तोलून बघितलं होतं. मला त्या क्षणी त्यांची किळस आली. बापाबद्दल असं लिहू नये म्हणतात. मी लिहिते.

मी उठले आणि आत गेले. सिस्टरकडे टॉवेल मागितला. तिने विचारलं, पेशंट हो म्हणाली? मी मायजवळ वाकले आणि तिच्या कानात म्हटलं, "माय, पाप माझ्या डोक्यावर. तुझ्या नाही, माझ्या." खोटं बोलायचं माझ्या मनात नव्हतं, पण तिने विचारलं की नानांनी सांगितलं का. आणि मी हो म्हणाले. हो, नानांनी सांगितलं, काढ म्हणाले, मला काही होत नाही म्हणाले. मी त्यांचे चार शब्द त्यांच्या वतीने बोलले. मायने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. मग मान भिंतीकडे वळवली आणि उजवी मूठ उघडली.

मनगटाभोवती टॉवेल गुंडाळून मी स्टीलच्या ट्रेच्या काठाने त्या फोडल्या. टॉवेलच्या आत त्यांचा कसा आवाज आला ते मला अजून ऐकू येतं. एक काच मायच्या कातडीत शिरली, एवढीशी जखम, पण रक्त पातळ झालेलं, थांबेना. सिस्टरने कापूस दाबून धरला आणि मला बाहेर जायला सांगितलं. बाहेर आले तेव्हा घड्याळात दोन पस्तीस झाले होते.

जाळी नीट बसली. अर्ध्या-पाऊण तासात डॉक्टर बाहेर आले आणि म्हणाले की रक्तवाहिनी उघडली, जीव वाचला. नानांनी त्यांचे पाय धरले. मग फुई आली, मायचा एक मोकळा हात बघून तिने पदर तोंडाला लावला आणि मला जे बोलायचं ते बोलली. नाना बाजूलाच उभे होते.

तिसऱ्या दिवशी इको काढला. हृदयाचा खालचा एक भाग हलत नव्हता. डॉक्टर म्हणाले की अटॅक मोठा होता, इंजेक्शनने काम केलं नाही, इकडे पोचायला उशीर झाला, शेवटची चाळीस मिनिटंही गेली, आता गोळ्या नियमित घ्यायच्या आणि जड काम करायचं नाही. नक्की कोणत्या मिनिटात काय मेलं हे कुणी सांगू शकत नाही. रविवारची माझी ॲसिडिटीची गोळीही त्या हिशेबात आहे, हे मला ठाऊक आहे. पण माझ्या चुकीला निदान अज्ञान म्हणता येतं.

तेव्हापासून माय दुसऱ्या मजल्यावरच्या तिच्या खोलीत चढताना दर चार पायऱ्यांवर थांबते. रात्री उशा लावून बसून झोपते. गोळ्यांनी हातापायावर निळे डाग पडतात. खडे चिकटवण्याचं काम सुटलं. नाना मात्र सगळीकडे सांगत फिरले की वेळेवर नेलं म्हणून वाचली, मी पळापळ केली म्हणून. मी एकदा भर पंगतीत तोंड उघडलं होतं. माझं "नाना, तुम्ही" एवढंच झालं असेल, तोच माय स्वयंपाकघरातून म्हणाली की बाई, मीठ वाढ. पंगतीत मीठ होतं.

तिला कळलं होतं का, की ते चार शब्द माझे होते? मी कधी विचारलं नाही. पण पुढच्या श्रावणात कासार आला, तेव्हा मायने हात पुढे केला आणि अडीचचं माप मागितलं. कासार हसला, बायका हसल्या, फुई म्हणाली हिच्या हाताला आता वळणच राहिलं नाही. माय म्हणाली, हात वाळले. वाळले कुठले, गोळ्यांनी उलट सुजलेच होते थोडे. त्या बांगड्या इतक्या सैल की कणीक मळताना परातीत पडायच्या. मग ती कामाच्या वेळी त्यांच्यावर रबरबँड अडकवायची. मी एकदा चिडून विचारलं की हे काय सोंग घेतलंयस? तेव्हा ती म्हणाली की पुन्हा तसं काही झालं तर झटक्यात उतरतील, तुला फोडाव्या लागायच्या नाहीत. एवढं सांगितलं आणि पुन्हा कणकेला लागली. मी मोरीत जाऊन नळ सोडला आणि रडले.

दोन वर्षांनी नानांची पाळी आली. सकाळची पाळी सुरू होताना मिलच्या फाटकातच छातीत कळ. बरोबरच्या लोकांनी सरळ त्याच इस्पितळात आणलं, मी शाळेतून आणि माय घरून रिक्षाने पोचलो. मायला बाहेर खुर्चीत बसवून मी आत गेले, कारण सही हवी होती. तोच दरवाजा, तोच बाक. सिस्टर वेगळी होती. नाना टेबलावर, चेहरा घामाने भिजलेला. सिस्टरने त्यांचा उजवा हात बघितला आणि म्हणाली की काका, हे दोरे कापावे लागतील.

मी तिथेच थांबले. खोटं कशाला बोलू, मला ते बघायचंच होतं. देवी कोपेल म्हणतील, फुईला विचारा म्हणतील. वाद घातला असता तर मी त्यांना कदाचित माफही केलं असतं. भाबडा आहे, देवाला भितो, बायकोच्या वेळीही तसाच भ्यायला, असं म्हणून मी मनातलं सगळं धुऊन टाकलं असतं.

नानांनी हात पुढे केला. "काप ना, बघतेस काय!"

सिस्टरने कात्री चालवली. दोरे गळून पडले. तिने ते घड्याळाबरोबर एका प्लॅस्टिकच्या पिशवीत घातले आणि पिशवी माझ्या हातात दिली. मी दाराबाहेर येते न येते तोच आत काम सुरूही झालं.

माय खुर्चीत वाट बघत होती, दोन्ही हात मांडीवर, त्या ढगळ बांगड्या पंज्यापर्यंत घसरलेल्या. मी पिशवी तिच्यासमोर धरली. धरली ती मुद्दामच. म्हटलं बघ, बघ एकदा डोळे उघडून. तिने पिशवी हातात घेतली, उजेडाकडे धरली. आतले काळपट दोरे ओळखले. कुणी कापले, त्यांनी कापू दिले का, हे तिने विचारलं नाही. तिच्या चेहऱ्यावर काय चाललंय ते मला वाचता येईना. मी वाट बघत होते की आता ही बोलेल. दोन वर्षांचं सगळं बोलेल. मी तिच्या बाजूने उभी राहायला तयार होते.

तिने पिशवीला गाठ मारली आणि कंबरेला खोचली. मग दम खात खात मला विचारलं, "टाइम गया नही ना?"

"नाही माय," मी म्हटलं. "एक मिनिटसुद्धा नाही गेलं."